दोन याद्यांमधली

“यादीत नाही म्हणजे तिला ते येतच नाही का?” भाचीचा हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाहीये. शनिवारची रात्र होती. जेवणं उरकली होती, फोडणीचा वास अजून खोलीत रेंगाळत होता आणि पुसून कोरड्या केलेल्या टेबलावर फासे, पेन्सिली, खोडरबर, कॅरॅक्टर शीटचे कागद पसरले होते. आमच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ची, म्हणजे पात्रं घेऊन फाशांवर गोष्ट रचत जायच्या खेळाची, नवी मोहीम लवकरच सुरू व्हायची होती. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारी, बाकीच्यांनी आपापलं पात्र बांधून आणायचं. भाची अकरावीत आहे, टेबलावरची सगळ्यांत धाकटी. तिला तलवारही हवी होती आणि मंत्रही. पुस्तकात त्यासाठी तयार वाटा आहेत, पण फायटर (लढवय्या) होऊन थोडे मंत्र उसने घ्यायचे किंवा विझर्ड (मांत्रिक) होऊन थोडी तलवार, हे तिला पटेना. पहिल्या दिवसापासून दोन्ही एकत्र शिकलेली मुलगी तिला हवी होती. म्हणून मी तिच्यासाठी घरचा क्लास, म्हणजे पात्राचा नवा पेशा, बांधायला घेतला. नाव ठरलं रणमांत्रिक. तिने फायटरची आणि विझर्डची अशा स्किलच्या, म्हणजे कौशल्यांच्या, दोन्ही याद्या एकाखाली एक उतरवल्या, दोन्हींत असलेली नावं एकदाच धरली. बारा झाली. आणि बाराच्या बारांपुढे तिने खूण केली. मी म्हटलं, “अगं, यातली निम्मी मी आधी काढणार आणि उरतील त्यांतून तू फक्त दोन निवडायची.” तेव्हा कागदावरची मान वर न करता तिने तो प्रश्न विचारला.

नियमाने उत्तर सोपं आहे आणि ते मी लगेच दिलं. येत नाही असं नाही, प्रयत्न कुणीही करू शकतो. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात अंगच्या गुणाचा आकडा मिळवायचा. स्किल निवडलेलं असेल तर वर प्रोफिशियन्सीचे, म्हणजे सरावाचे, दोन मिळतात, इतकंच. तिने “हं” म्हटलं आणि खोडरबर उचललं. तिचं समाधान झालं नव्हतं हे त्या “हं”मध्ये ऐकू आलं, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नव्हतं.

कारण ते “इतकंच” पुरेसं नाही.

हिशेब करून बघा. बुद्धीचे तीन मिळवणाऱ्या पात्राला पंधराचं आव्हान आलं तर फाशावर बारा किंवा जास्त पडावे लागतात, म्हणजे शंभरात पंचेचाळीस वेळा जमतं. स्किल असेल तर दहा पुरतात, पंचावन्न वेळा जमतं. पहिल्या लेव्हलला फरक फक्त दहा टक्क्यांचा. एखाद्या संध्याकाळच्या खेळात तो जाणवणारही नाही, नशिबाने टाकलेला एक बरा फासा तो सहज पुसून टाकतो. पण हे दोन पुढे वाढत जातात, सतराव्या लेव्हलला सहा होतात. तिथवर खेळायला आमच्यासारख्या टेबलाला काही वर्षं लागतात. म्हणजे पहिल्या दिवशी केलेली खूण ही आज काय येतं याच्यापेक्षा पुढे आपण कोण होणार याबद्दलची असते. न केलेली खूणही तशीच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे कुणी न सांगता कळलं होतं, म्हणून तिने बाराही धरून ठेवली होती.

या खेळात स्किलच्या याद्या पहिल्यापासून नव्हत्या. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा खेळ तीन छोट्या पुस्तिकांमधून आला, तेव्हा लढणारा, मंत्र टाकणारा आणि धर्मगुरू असे तीनच क्लास होते. भिंतीवर चढायचंय? कसं चढणार ते सांगा, डीएम ठरवेल. तलवार आणि मंत्र दोन्ही हवे असतील तर माणूस सोडून एल्फ या जमातीचं व्हायचं. पण त्या एल्फने एका मोहिमेत लढवय्या व्हायचं किंवा मांत्रिक, दोन्ही एकाच वेळी नाही, आणि वाढायचं तेही लढवय्या म्हणून चौथ्या आणि मांत्रिक म्हणून आठव्या लेव्हलपर्यंतच. दोन्ही हवं असणाऱ्याने दोन्हीकडे थोडं कमी राहायचं, हा सौदा पहिल्या दिवसापासून ठरलेला आहे. मग १९७५ सालच्या पुरवणीत चोर आला. तो सोबत टक्केवारीचे आकडे घेऊन आला: कुलूप उघडणं, सापळा निकामी करणं, आवाज न करता चालणं, सावलीत लपणं, भिंत चढणं. आणि त्याच क्षणी भाचीचा प्रश्न जन्माला आला असणार. चोराच्या आकड्यांत चढणं लिहिलं, तर काल चढत होता त्या सैनिकाचं काय? एकाला दिलेली गोष्ट दुसऱ्याकडून न मागता काढून घेतली जाते. यादी बनवणाऱ्याला हे टाळता येत नाही.

मी स्वतः शिकले ती २००० नंतरची तिसरी आवृत्ती. मामेभावाने अमेरिकेहून येताना ते जाड पुस्तक आणलं होतं, गुळगुळीत पानांचं, ज्याला उघडल्यावर शाईचा गोडसर वास यायचा. त्यात स्किल विकत घ्यावी लागत. आपल्या क्लासच्या यादीतलं असेल तर एका पॉइंटला एक पायरी, नसेल तर अर्धी. आणि फायटर काय, विझर्ड काय, दोघांनाही लेव्हलला दोन पॉइंट, अधिक बुद्धीचे मिळतील ते. चढणं वेगळं, उडी वेगळी, पोहणं वेगळं. माझा पहिला फायटर पहाऱ्यावर उभा राहायचा आणि त्याच्या यादीत ना बघणं होतं, ना ऐकणं. रात्रभर जागणारा शिपाई, पण अंधारातली हालचाल टिपायचं त्याच्या वाट्याला आलेलंच नाही. मला तेव्हा फार वाईट वाटायचं त्याचं. मी महागात पडलं तरी अर्ध्या-अर्ध्या पायरीने त्याला बघायला शिकवत राहिले, आणि त्यापायी त्याचं पोहणं मागे पडलं. नदीच्या प्रसंगी तो बुडता बुडता वाचला तेव्हा मामेभाऊ म्हणाला होता, “पॉइंट कुठे गेले ते आता कळलं ना?” मला राग आला होता, पण नदीच्या काठावर ओल्या चिलखतात बसलेला तो शिपाई त्या दिवसापासून मला खरा वाटायला लागला.

आम्ही खेळतो त्या, म्हणजे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हे सगळं सुटसुटीत झालं. अठरा स्किल, पोहणं-चढणं-उडी सगळं ॲथलेटिक्सच्या पोटात. भाचीने उतरवलेला कागद ती झोपल्यावर मी हातात घेऊन बसले. फायटरकडे आठ: ॲक्रोबॅटिक्स, जनावरं हाताळणं, ॲथलेटिक्स, हिस्टरी, इन्साइट, धाक दाखवणं, पर्सेप्शन (बघणं-ऐकणं), रानावनात तग धरणं. विझर्डकडे सहा: आर्केना (मंत्रविद्या), हिस्टरी, इन्साइट, इन्व्हेस्टिगेशन, मेडिसिन, रिलिजन. इतकी वर्षं या दोन्ही याद्या मला पाठ आहेत, पण त्या एकमेकींशेजारी ठेवून मी कधी पाहिल्या नव्हत्या. आठ आणि सहा चौदा होतात, तिची झाली बारा. दोन नावं दोन्हीकडे आहेत: हिस्टरी आणि इन्साइट. इतिहास, आणि समोरच्याच्या मनातलं ओळखणं.

हे पाहिल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. तलवार चालवणारा आणि पोथ्यांत बुडालेला, यांच्यात सामाईक काय असेल असं कुणी विचारलं असतं तर मी शिस्त म्हटलं असतं, धैर्य म्हटलं असतं. पण याद्या सांगतात की दोघांनाही आपल्या आधी काय घडलं ते ठाऊक असतं, आणि दोघांनाही समोरचा खोटं बोलतोय का हे कळतं. विचार केला तर पटतं. लढणाऱ्याला समोरच्याच्या खांद्यावरून वार कुठून येणार ते वाचावं लागतं. मांत्रिकाला, ज्याच्याकडून विद्या घ्यायची आणि ज्याला द्यायची, त्या दोघांची मनं वाचावी लागतात. आणि किल्ला कुठे पडला, कुठल्या मंत्राने कुणाचं गाव जळालं, हे दोघांच्याही धड्यात असतं. दोन घराण्यांच्या मधोमध जन्मलेल्या मुलीला वारशात पहिल्यांदा हेच मिळायला हवं. यादीत मी ही दोन आधी लिहिली, पेनने.

आपल्याकडे असा दोन्ही विद्यांचा माणूस म्हटला की पहिलं नाव परशुरामाचं. मुखात चार वेद, पाठीला बाणांसह धनुष्य. पण मला रात्रभर आठवत राहिला तो त्याचा शिष्य. कर्णाच्या मांडीवर डोकं ठेवून गुरू झोपलेले, भुंगा मांडी पोखरतोय, रक्त वाहतंय आणि कर्ण हलत नाही. ही गोष्ट आपण लहानपणापासून गुरुभक्तीची म्हणून ऐकतो. खेळाच्या नजरेतून पाहिली तर ती एकाग्रतेची आहे. वेदना होत असताना मन जागचं हलू न देणं, हेच तर मंत्र टिकवून धरणाऱ्याला लागतं. आणि गंमत पाहा, तिसऱ्या आवृत्तीत कॉन्सन्ट्रेशन हे स्किल विझर्डच्या यादीत होतं, फायटरच्या यादीत नव्हतं. सोसणं ही मांत्रिकाची विद्या मानली होती. पाचव्या आवृत्तीत ते स्किलच नाही. आता मार बसला की शरीराच्या काटकपणावर फासा टाकायचा, दहा किंवा बसलेल्या माराच्या निम्मे, यांतलं जे जास्त असेल ते गाठायचं. त्या फाशात प्रोफिशियन्सी मिळते फायटरला, विझर्डला मिळत नाही. परशुराम जागे झाले तेव्हा त्यांनी हाच न्याय केला होता: इतकं सोसणारा ब्राह्मण नसतो, तू क्षत्रिय आहेस. ज्या गुणामुळे मंत्र टिकायचा त्याच गुणाने कर्ण पकडला गेला, आणि शाप मिळाला तोही नेमक्या वेळी मंत्र न आठवण्याचा. नियम लिहिणाऱ्यांच्या मनात हे असण्याचं काहीच कारण नाही. तरी रणमांत्रिकाला काटकपणाचा सेव्ह, म्हणजे त्या फाशातली प्रोफिशियन्सी, द्यायचा की नाही यावर माझी अडलेली गाडी तिथे सुटली. दिला. तो सोडून बाकी काहीही कमी केलं तरी चालेल असं वाटलं.

दोन्ही विद्या एकाच शरीरात पाहिलेला माणूस माझ्या घरातच होता. कोल्हापूरला आमच्या आजोबांकडे एका छोट्या मारुतीच्या देवळाची पूजा होती आणि देवळाच्या मागे तालीम. पहाटे ते आधी आखाड्यात जायचे. तांबड्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबाचा रस मुरवलेला असायचा. त्या मातीला एक आंबट-उग्र वास होता, तो आजोबांच्या पंच्याला, सतरंजीला, माझ्या लहानपणाला लागलेला आहे. जोर मारताना ते आकडे मोजत नसत, मारुतिस्तोत्र म्हणत. खाली जाताना एक चरण, वर येताना दुसरा. मी पायरीवर शेंगदाणे खात ऐकत बसायची. कुणी मधेच हाक मारली, शनिवारी कुणी रुईची माळ घेऊन दारात उभं राहिलं, तरी चरण तुटायचा नाही. स्तोत्र संपलं की मगच ते उठायचे आणि अंगावरची माती पुसत विचारायचे, “कोण आलंय?” श्वास फुललेला असायचा, शब्द मात्र नाही. मंत्र आणि बळ वेगवेगळ्या खोल्यांत राहतात असं मला कधी वाटलंच नाही ते यामुळे.

पण आजोबांना पोहता येत नव्हतं. पंचगंगेच्या इतक्या जवळ राहून! बरोबरीची पोरं घाटावर उड्या मारायला जात त्या वेळी ते तालमीत असत, आणि तालमीतून सुटले की देवळात. कुणी बंदी घातली नव्हती, दिवसाला तास तेवढेच होते. खांदा निखळला, पाय मुरगळला की अर्धी गल्ली त्यांच्याकडे यायची. एका हाताने दंड धरून दुसऱ्या हाताने असा काही झटका द्यायचे की माणूस ओरडायच्या आत सांधा जागेवर बसलेला असायचा. वस्तादांकडून ते कुस्तीबरोबरच शिकून आले होते. खासबागेत कुणी कुणाला कुठल्या डावावर चीत केलं हे ते पिढ्यांच्या हिशेबाने सांगत. माणूस ओळखणं मात्र त्यांना साधलं नाही. उसने पैसे मागायला आलेल्याच्या डोळ्यांत ते कधी पाहायचेच नाहीत, आणि आजी आतून भांडी आपटायची. यादी तीच, त्यांनी निवडलेली दोन वेगळी. हिस्टरी आणि मेडिसिन, असं मी आज म्हणेन. इन्साइट आजीकडे होतं.

तेव्हा मला भाचीला द्यायचं उत्तर दिसायला लागलं. क्लासची यादी म्हणजे माणसाला काय काय जमू शकतं याचा कोष नाही. कुणा गुरूने कुठल्या आखाड्यात तिचे तास कशावर खर्च करून घेतले, त्याची ती नोंद आहे. फायटरच्या यादीत मेडिसिन नसावं हे मला आजोबांमुळे कधीच पटलं नव्हतं. जो रोज पाडतो आणि रोज पडतो, त्याला जखम बांधता येत नाही? रणमांत्रिकाच्या आखाड्यात ते शिकवतात असं मी ठरवलं आणि विझर्डच्या बाजूने मेडिसिन आत घेतलं. ॲथलेटिक्स आलं, कारण त्याच्याशिवाय जोर नाहीत. आर्केना आलं, कारण मंत्राचं शास्त्र तेच. ॲक्रोबॅटिक्स काढलं: गोलांटउड्या घेत लढणारा तलवारबाज पडद्यावर छान दिसतो, पण तोंडाने मंत्र चालू असताना पाय जमिनीत रोवलेले हवेत. इन्व्हेस्टिगेशन, रिलिजन, जनावरं, रानात तग धरणं ही गेली, त्यांच्यावर फार विचार करावा लागला नाही. सहावं स्थान धाक दाखवण्याला दिलं. जरा जड मनाने दिलं, कारण खेळात त्याचा उपयोग बहुतेक वेळा दुबळ्यावर होतो. पण एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात जळती ज्योत असलेल्या माणसाला लोक घाबरणारच. त्याचं काय करायचं हे शिकवणं आखाड्याला टाळता येणार नाही.

खरी ओढाताण झाली पर्सेप्शनवर.

टेबलावर सगळ्यांत जास्त वेळा मागितला जाणारा फासा हाच. दाराआड आवाज आला का, पाण्याखाली काही हललं का, छतावर कुणी आहे का, दर दहा मिनिटांनी पर्सेप्शन. अनुभवी खेळाडू क्लास बघायच्या आधी यादीत ते आहे का एवढंच बघतात. माझ्या त्या जुन्या शिपायाची आठवणही होतीच. दोन वेळा लिहिलं, खोडलं. मग आधीच्यांनी काय केलं होतं ते काढून पाहिलं. चौथ्या आवृत्तीत २००८ साली स्वोर्डमेज हा तलवार-मंत्राचा क्लास आला होता. त्याला आर्केना आपोआप, आणि निवडायला ॲथलेटिक्स, मुत्सद्दीपणा, एन्ड्युरन्स, हिस्टरी, इन्साइट, धाक. पर्सेप्शन नाही. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाने २०११ मध्ये मेगस आणला. त्याच्याकडे चढणं, पोहणं, घोडेस्वारी, धाक, मंत्रविद्या, अगदी उडणंसुद्धा. पर्सेप्शन नाही. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी बसून हीच गोष्ट बाहेर ठेवली. त्यांची कारणं काहीही असोत, मला माझं कारण सापडलं: जिचं अर्धं लक्ष सतत आत, एका न तुटणाऱ्या ओळीवर आहे, तिच्या बाहेरच्या नजरेत कुठेतरी भोक राहणारच. आजोबासुद्धा स्तोत्र संपल्यावरच विचारायचे, कोण आलंय. पर्सेप्शन बाहेर राहिलं.

दोनच का, तीन का नाहीत, हाही वाद घरात झाला. माझी बहीण, म्हणजे तिची आई, खेळत नाही, पण तिचं म्हणणं असं की पोरगी दोन्हीकडचं शिकतेय तर एक जास्त द्यायला काय हरकत आहे. रेंजर आणि बार्ड या क्लासना तीन मिळतात, रोग म्हणजे चोराच्या क्लासला चार. पण फायटरला दोन आणि विझर्डलाही दोनच. दोघांचं अर्धं अर्धं घेणारीला दोघांहून जास्त मिळालं तर शेजारी बसलेल्या फायटरच्या खेळाडूने काय समजायचं? तो आमच्याकडे बारा तासांची शिफ्ट करून येतो आणि आपल्या साध्या सैनिकावर जीव टाकतो. घरचे नियम बनवताना मला ही एकच गोष्ट फार जपावीशी वाटते. लाडक्या पात्राला दिलेली प्रत्येक गोष्ट टेबलावरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून जाते.

बहिणीला ते पूर्ण पटलं नाही. भाचीला मी वेगळ्या बाजूने सांगितलं. विचारलं, “आखाड्यात जायच्या आधी ही मुलगी काय करायची?” ती म्हणाली, “बापाच्या होडीवर असायची.” मग मी तिला सेलरचं बॅकग्राउंड, म्हणजे पात्राचं खलाशी म्हणून आधीचं आयुष्य, उघडून दाखवलं. त्यात दोन स्किल ठरलेली आहेत, ॲथलेटिक्स आणि पर्सेप्शन. तिचा चेहरा उजळला. गुरूने जे दिलं नाही ते घराने आधीच दिलेलं होतं. वाऱ्याचा वास घेऊन पाऊस ओळखणं, लाटेचा रंग बघून खडक ओळखणं, हे तिला कुणी शिकवत बसलं नव्हतं. आखाड्यात गेल्यावर मंत्रामुळे नजरेत भोक पडेल, तरी होडीवरची वर्षं पुसली जाणार नाहीत. पोहणंही तिथलंच. यादीत नाही म्हणजे येतच नाही का, याचं हे माझं उत्तर, आणि ते तिला नियमापेक्षा जास्त मानवलं.

आता उरल्या दोन खुणा. इथे मी आणखी एक गोष्ट क्लासमध्ये घातली, जी पुस्तकात नाही. पुस्तकाच्या नियमाने मंत्र टिकवून धरणारा हवा तेव्हा तो सोडून देऊ शकतो, फुकट, फासा न टाकता. मला अश्वत्थामा आठवत होता. ब्रह्मास्त्र सोडायला त्याला आलं, अर्जुनालाही आलं. मागे घ्या म्हटल्यावर अर्जुनाने घेतलं, अश्वत्थाम्याला घेता येईना, आणि ते उत्तरेच्या गर्भाकडे वळलं. सोडणं आणि आवरणं या दोन वेगळ्या विद्या आहेत, असं इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही. म्हणून लिहिलं: रणमांत्रिकाने तलवारीवर उतरवलेलं मोठं अस्त्र वेळेआधी मागे घ्यायचं असेल तर आर्केनाचा फासा, आव्हान बाराचं. चुकला तर अस्त्र आणखी एक फेरी जळत राहील, जवळ असेल त्याला लागेल, मग तो आपला का असेना.

हा नियम वाचून भाची बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, आता ती आर्केना धरणार. कुणीही धरेल. तिने इन्साइटपुढे खूण केली. मग मेडिसिनपुढे. मी म्हटलं, “नियम नीट वाचलास ना? आर्केना नसेल तर तुला बुद्धीचे तीनच मिळतील.” फायटरवाल्याने लगेच तोंडी हिशेब केला: नऊ किंवा वर पडायला हवेत, साठ टक्के वेळा परत येईल, चाळीस टक्के वेळा नाही, आर्केना घेतलं तर ते चाळीस तीसवर येतात. तो तिच्या शेजारी लढणार, जळणार तोच, त्यामुळे त्याच्या आवाजात काळजी होती. ती त्याला म्हणाली, “दादा, दहा टक्क्यांसाठी मी तुला बांधायला न शिकता येऊ का? तीस टक्के तर तरीही राहतातच.” तो म्हणाला, “मग मी तुझ्यापासून दोन चौकोन लांब उभा राहीन.” ती म्हणाली, “राहा. पण ओरडलास तर मला ऐकू येईल इतकाच लांब.” ते दोघं मग नकाशाच्या कोऱ्या कागदावर चौकोन मोजत बसले, अस्त्राची झळ कुठवर जाईल आणि कुणी कुठे उभं राहायचं, आणि मी तिच्या शीटवर पेनने लिहिलं: इन्साइट, मेडिसिन, अधिक दोन.